सत्त्व आणि चोथा

शिरोळ तालुक्यात काय पिकत नाही, याची यादी करायला बसलं तर नाचणीचं नाव पहिल्या ओळीत येईल. कृष्णा-पंचगंगेच्या गाळाची काळी जमीन, डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधूनमधून गहू, हरभरा, भुईमूग, भाजीपाला. नाचणी हे डोंगरउताराचं, हलक्या तांबड्या मातीचं पीक. ती होते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात. तरीही शिरोळ असो, कुरुंदवाड असो की जयसिंगपूर, घरात सहा महिन्यांचं मूल असलं की स्वयंपाकघरातल्या फळीवर पांढुरक्या पिठाचा एक डबा बहुधा सापडतोच. ‘पोराला वरचं चालू केलं का?’ या प्रश्नाला येणारं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘हो, नाचणीचं सत्त्व.’

हे पीठ इथं कुठून आलं? आणि ते पांढुरकं का? नाचणी तर तांबडी असते. या दुसऱ्या प्रश्नात त्याची बरीचशी कुळकथा दडलेली आहे.

धान्याचं मूळ गाव आफ्रिकेत. इथिओपिया-युगांडाकडच्या उंच पठारांवर रानगवतातून माणसानं नाचणी घडवली आणि तीनएक हजार वर्षांपूर्वी (काही अभ्यासक त्याहूनही आधी म्हणतात) समुद्रमार्गे ती आपल्याकडं पोचली. सह्याद्रीच्या उतारांनी तिला असं आपलंसं केलं की ती परकी आहे हे सांगितलं तर डोंगरातला शेतकरी हसेल. कोल्हापुरात शेंडा पार्कला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथून ‘फुले नाचणी’, ‘फुले कासारी’ अशी वाणं निघाली. कासारी ही पन्हाळा-शाहूवाडीकडची नदी. तिचं पाणी पंचगंगेत येतं आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे नाचणीच्या रानातलं पाणी उताराउतारानं आपसूक शिरोळात येत होतंच. दाण्याला मात्र व्यापारी लागला. कोल्हापूरची लक्ष्मीपुरी ही धान्याची पेठ, १८९१ साली सुरू झालेली मिरज-कोल्हापूर रेल्वे आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेली जयसिंगपूरची पेठ या वाटेवर डोंगरातलं धान्य पूर्वेकडं येणं सोपं झालं.

त्याआधी शिरोळातली बाळं उपाशी नव्हती. मऊ भात होता, तांदूळ-मूग भाजून भरडलेली खिमटी होती, ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून मीठ न घालता भरवत. भाकरीचा पापुद्रा काढून तो दुधात कुस्करायचा, हा तर कुठल्याही पोथीत न लिहिलेला संस्कार. राधानगरीचं धरण झालं, नदीकाठी पाण्याच्या मोटारी बसल्या, ऊस वाढत गेला आणि ज्वारी मागं सरली. घरच्या कणगीतली कणी संपली तिथं दुकानातल्या सत्त्वाला जागा मिळाली, असा माझा तर्क आहे. उसाच्या पैशानं नाचणी विकत घेता आली. घरात पिकणाऱ्या वस्तूपेक्षा विकत आणलेली वस्तू बाळाला जास्त मानवते, असं आपल्याला वाटतंच.

आता विधीकडं बघू. बाळाला पहिला घास देण्याचा समारंभ म्हणजे उष्टावण. मामाच्या मांडीवर मूल, चांदीची वाटी, खिरीत बुडवलेली सोन्याची अंगठी आणि पहिल्या थेंबाला बाळानं केलेलं वाकडं तोंड. शास्त्राचं नाव अन्नप्राशन. आश्वलायन गृह्यसूत्र त्याला सहावा महिना सांगतं. सूत्रकार पुढं जो आहार सांगतात तो उष्टावणाच्या पत्रिकेवर ‘वैदिक पद्धतीने’ असं छापणाऱ्यांनी एकदा वाचावा. पुष्टी हवी असेल तर बोकडाचं मांस, ब्रह्मतेज हवं असेल तर तित्तिर पक्ष्याचं, झळाळी हवी असेल तर तूप घातलेला भात. दुसरे सूत्रकार पारस्कर तर वाणी चालावी म्हणून भारद्वाज पक्षी आणि चपळाईसाठी मासेही सुचवतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सगळं न संकोचता नोंदवलं आहे.

कोल्हापूरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. इथं मटण शिजायला लागलं की तांबडा-पांढरा रस्सा वेगळा होण्याआधी वाटीभर ‘अळणी’ बाजूला निघते आणि ती बाळंतिणीला नि पोराला जाते. मात्र वाटीत जातं ते पाणी. मांसाचा तुकडा पातेल्यातच राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

शिरोळ तालुक्यात शेतकरी दिगंबर जैनांची वस्ती मोठी आहे. त्यांच्याकडं हा संस्कार जिनसेनाचार्यांच्या नवव्या शतकातल्या आदिपुराणातून आला. गर्भापासूनच्या ५३ क्रियांत अन्नप्राशनाची गणना आहे. या घरांत मध वर्ज्य, त्यामुळं बाळाला मध चाटवण्याचा प्रश्नच येत नाही. शेजारच्या घरात मात्र तो हौसेनं चाटवतात. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात तान्ह्या मुलांमधला बोट्युलिझम ओळखला गेला, मधातल्या जंतुबीजांचा त्याच्याशी संबंध लागला आणि वर्षाच्या आत मध नको हे डॉक्टर सांगू लागले. अहिंसेपोटी पाळलेला नियम अशा रीतीनं बालरोगतज्ज्ञांच्या यादीत जाऊन बसला.

वैद्यांचं मत पुरोहितांहून थोडं वेगळं होतं. काश्यप संहिता हा बालरोगांवरचा जुना ग्रंथ नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून १९३८ मध्ये छापला गेला. त्यात सहाव्या महिन्यात फळं आणि धान्य मात्र दहाव्या महिन्यात असा क्रम आहे. आधुनिक वैद्यकही बराच काळ चार ते सहा महिने असं मोघम सांगत होतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको आणि मग वरचं अन्न, हा पक्का नियम जागतिक आरोग्य परिषदेनं २००१ मध्ये केला. आश्वलायनाला तेवढ्यापुरते पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही.

पण कधी द्यायचं यावर जेवढं लिहिलं गेलं, तेवढं किती दाट द्यायचं यावर लिहिलं गेलं नाही. खरा घोळ तिथं आहे. तो समजून घ्यायचा तर सत्त्व करतात कसं ते बघावं लागेल.

नाचणी निवडून, घोळून, खडे काढून धुतात आणि रात्रभर भिजत घालतात. सकाळी फडक्यात घट्ट बांधून टांगून ठेवतात. उन्हाळ्यात दिवसभरात, थंडीत दोन दिवसांत बारीक पांढरे मोड येतात. इथून वाटा फुटतात. एका वाटेनं मोड आलेली नाचणी सावलीत खडखडीत वाळवायची, हातावर चोळून मोड झाडायचे, मंद आचेवर जराशी भाजायची, दळायची आणि चाळायची. दुसऱ्या वाटेनं नाचणी ओलीच वाटायची, पूर्वी पाट्यावर आणि आता मिक्सरला. त्यात पाणी घालून पातळ पंचातून पिळून काढायची. वर राहतो तो चोथा, खाली उतरतं ते दूध. ते झाकून ठेवलं की तळाशी पांढरा साका बसतो. वरचं निवळ पाणी ओतून द्यायचं, साका ताटात पसरून वाळवायचा, त्याच्या खापऱ्या फोडून पूड करायची आणि ती वस्त्रगाळ करायची. चोथा म्हशीच्या घमेल्यात.

दोन्ही पिठांना नाव एकच, सत्त्व. मान मात्र दुसऱ्याला. जितकं पांढरं तितकं अस्सल. पहिल्या वाटेनं जाणाऱ्या सुनेला सासूकडून ऐकावं लागतं, ‘आगं, वस्त्रगाळ कर की. भुसकाट टोचंल पोराच्या घशाला.’ सून म्हणते, ‘आत्ती, डाक्टरीणबाईंनी चोथा टाकायचा न्हाई म्हणून सांगितलंय.’ मग दोन दिवस अबोला.

आत्तींची बाजू आधी मांडू, कारण ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ही गाळण्याची रीत नाचणीबरोबर आलेली नाही. या भागातल्या बाईच्या हातात ती आधीपासून होती. उन्हाळ्याच्या वाळवणात कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, वाटून पिळतात, चीक खाली बसू देतात. कुरडया घालताना पातेल्यातला गरम चीक दूध-साखर घालून पोरांना मिळतो आणि ते बाळाच्याही तोंडाला लागतं. गव्हाचं सत्त्व हे त्याच चिकाचं वाळवलेलं रूप. वैद्याकडंही हीच कृती होती. गुळवेल ठेचायची, पाण्यात कोळायची, गाळायची, तळाचा पांढरा साका वाळवायचा, झालं गुळवेल सत्त्व. तवकील काढायची तऱ्हाही तीच. एकोणिसाव्या शतकात साहेबाबरोबर वेस्ट इंडीजचं आरारूट आलं तेही कंद कुटून, धुऊन, साका बसवून काढलेलं. आजाऱ्याला, म्हाताऱ्याला आणि तान्ह्याला पांढरं, मऊ, बेचव, दातांना काम न देणारं काहीतरी द्यावं ही समजूत शिरोळच्या आजीची जेवढी, तेवढीच लंडनच्या दाईचीही होती. वरणाचं पाणी, भाताची पेज, अळणी आणि सत्त्व, सगळीकडं दिसतं ते एकच. घन भाग काढून टाकायचा आणि उरलेल्याला सार म्हणायचं.

या समजुतीला प्रयोगशाळेचा टिळा लावणारा माणूस जर्मन होता. युस्टुस फॉन लीबिग, आपल्या काळातला नामांकित रसायनशास्त्रज्ञ. १८६५ च्या सुमाराला त्याच्या नावानं दोन वस्तू बाजारात आल्या. एक मांसाचा अर्क. दक्षिण अमेरिकेत उरुग्वेमधल्या फ्राय बेंटोसला कारखाना निघाला आणि सुमारे ३० किलो मांस आटवून १ किलो काळा दाट अर्क तयार होऊ लागला. दवाखान्यांतून आजाऱ्यांना तो चमच्यानं पाजला गेला. पुढच्या काही वर्षांत शरीरशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्यात चव आहे, क्षार आहेत, पण मांसातलं प्रथिन जवळपास नाही. ते चोथ्यात राहिलं. आपल्या अळणीचीच ही गोष्ट, फक्त बाटलीत भरलेली.

दुसरी वस्तू मात्र अस्सल निघाली. लीबिगच्या नातींना आईचं दूध पुरत नव्हतं, म्हणून त्यानं ‘बाळांसाठी सूप’ बनवलं. गायीचं दूध, गव्हाचं पीठ, थोडा पोटॅशियम बायकार्बोनेट आणि मोड आलेल्या जवाचं पीठ, म्हणजे माल्ट. मोड आलेल्या दाण्यात असं काही असतं जे पिठातल्या पिष्टाची साखर करतं, हे त्याला माहीत होतं. त्याच माल्टच्या वाटेवर पुढं मेलिन्स फूड आलं, हॉर्लिक बंधूंचं माल्टेड मिल्क आलं आणि त्याचा डबा बोटीनं मुंबईत, तिथून संस्थानी घरांत पोचला. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेवे गावात आँरी नेस्लेनं दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांची पूड विकायला काढली ती याच लाटेत. जे काम आपल्याकडं फडक्यात बांधून टांगलेली नाचणी मुकाट्यानं करत होती, त्याला तिकडं पेटंट मिळत होतं. नाचणीनं पेटंट मागितलं नव्हतं, हेही खरं.

इथं शिरोळच्याच एका जुन्या बाळाची आठवण काढायला हवी. गुरुचरित्राच्या विसाव्या अध्यायात शिरोळ गावाचं नाव येतं ते एका आईच्या निमित्तानं. तिची मुलं जन्मतात आणि मरतात. मागच्या जन्मी बुडवलेल्या कर्जापायी एक ब्रह्मसमंध मागं लागला आहे, असं तिला कळतं आणि ती औदुंबराची सेवा करते. पोथी सोळाव्या शतकातली, सरस्वती गंगाधरांची. त्या आईची मुलं कशानं गेली हे आज कोण सांगणार? पण एका गावाचं नाव मराठी वाङ्‌मयात लहान मुलांच्या मृत्यूपायी नोंदलं जावं, आणि त्यावर उपाय शोधणारी बाई पंचक्रोशीतल्या बायांना इतकी आपली वाटावी की आजही पारायणात तो अध्याय आला की आवाज जड होतो, यावरून त्या काळात बाळ जगवणं हे केवढं काम होतं ते कळतं. बाळाच्या अन्नाविषयीची आजीची भीती त्या काळातून आलेली आहे. घशाला टोचणाऱ्या भुसकटाची भीती हसण्यावारी नेऊ नये.

भीती खरी, पण उपाय उलटा पडू शकतो. १९३३ मध्ये सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी आजच्या घानातून एका आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाठचं भावंड आलं की थोरल्याचं अंगावरचं दूध सुटतं, त्याला मक्याची पातळ लापशी मिळते, मूल सुजतं, केस भुरे होतात, कातडी सोलते. तिथल्या बायकांचाच शब्द त्यांनी वैद्यकाला दिला, क्वाशिओरकर. कारणांवर आजही वाद आहे. पण नुसत्या पिष्टाच्या पाण्यावर मूल पोसत नाही हे तेव्हापासून जगाला टाळता आलं नाही. मूल गुबगुबीत दिसतं, आजी खूश होते, आणि ती सूज असते.

आपल्या फडक्यातल्या नाचणीचा निवाडा म्हैसुरात झाला. तिथल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एन. जी. मल्लेशी आणि एच. एस. आर. देसिकाचार यांनी मोड आलेल्या नाचणीवर चिकाटीनं काम केलं. १९८२ मध्ये त्यांनी मोडाची नाचणी आणि मोडाचे मूग यांच्या बाळखाद्याची कृती प्रसिद्ध केली. त्यामागचा विचार असा. साधं पीठ पाण्यात शिजवलं की पिष्ट पाणी ओढून फुगतं आणि थोड्याशा पिठातच लापशी घट्ट होते. बाळाला गिळता यावी म्हणून आई पाणी वाढवते. वाटी भरते, पण वाटीत पीठ नावापुरतं. मोड आलेल्या दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. लापशी हळूहळू तापत असताना ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं आणि घट्ट लापशी डोळ्यांदेखत सैल होते. नाचणी या कामात इतर बऱ्याच भरड धान्यांपेक्षा सरस निघाली. म्हणून पीठ थंड पाण्यात कालवून मग मंद आचेवर ठेवायचं. एकदम उकळत्या पाण्यात टाकलं तर काम व्हायच्या आत विकर मरतं.

हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३२० किलोकॅलरी. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी २०० मिलिलिटरच्या आसपास मावतं. पातळ लापशीत शेकडा ५ पीठ धरलं तर वाटीत १० ग्रॅम, म्हणजे ३२ किलोकॅलरी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सहा वाट्या पाजायला हव्यात. कोण पाजतं? मोडाच्या पिठानं तेवढ्याच सैलपणात शेकडा १५ पीठ सामावलं, तर दोन वाट्यांत काम होतं. अंगणवाडीताई सांगतात, ‘चमचा कलता केला तरी ओघळू नये इतकं दाट भरवा.’ त्या ओळीमागं हाच हिशेब आहे. सहा महिन्यांनंतर जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सरत आलेला असतो, तो प्रश्न वेगळाच. त्यासाठी डाळ, अंड्याचा बलक, अळणीच्या पातेल्यातला तो मागं राहिलेला मांसाचा तुकडा बारीक कुस्करून द्यावा लागतो. नाचणी एकटी सगळं ओढणार नाही.

आता पांढऱ्या सत्त्वाकडं परत या. अमायलेज पाण्यात विरघळतं. साका बसल्यावर वरचं निवळ पाणी आपण मोरीत ओततो, त्याबरोबर ते जातं. नाचणीची कीर्ती कॅल्शियमवर उभी आहे, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम. त्याचा मोठा वाटा दाण्याच्या तांबड्या सालीत असतो, तो पंचात अडकतो. प्रथिनाचा काही भाग पाण्यात, काही चोथ्यात. ताटात वाळत पडतो तो प्रामुख्यानं पिष्टाचा साका. म्हशीला मात्र कॅल्शियम मिळतं. नृसिंहवाडीची बासुंदी चांगली का लागते याचा शोध या बाजूनं कुणी घेतलेला नाही. विनोद सोडा, पण पहिली वाट, म्हणजे मोड आणून, वाळवून, दळून नुसतं चाळणं, ही आजीच्याच हातातली होती आणि तीच बरोबर होती. दुसरीनं तिला मागं टाकलं ते रंगाच्या जोरावर. सालीत टॅनिन आणि फायटेटही असतात, ते लोह-कॅल्शियम शोषू देत नाहीत, हा गाळणाऱ्यांचा युक्तिवाद पूर्ण खोटा नाही. पण भिजवण्यात आणि मोड आणण्यात ते बऱ्यापैकी उतरतात. त्यासाठी सगळी सालच फेकायचं कारण नाही.

म्हैसूरच्या कामानंतर थोड्याच वर्षांत टांझानियातल्या खेड्यांत मोडाच्या पिठाची चिमूट लापशीत टाकण्याची मोहीम निघाली. तिकडं त्याला ‘किमेया’ म्हणतात. आफ्रिकेतून आलेल्या दाण्याची ही एक रीतसर परतभेट झाली.

शिरोळच्या उसात मात्र हे सगळं ज्ञान अडखळतं. दिवाळीच्या सुमारास बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात, फडाकडेला पालं पडतात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, म्हणजे नेमका बाळाचं वरचं अन्न सुरू व्हायच्या वयाएवढा. टोळीबरोबर आलेलं तान्हं इथंच सहा महिन्यांचं होतं. आई अंधारात फडात शिरते. बाळ थोरल्या बहिणीच्या कडेवर, आणि ती बहीण स्वतः सात-आठ वर्षांची. मामा दुसऱ्या कुठल्या कारखान्याच्या टोळीत. उष्टावण होतं ते चहात बुडवलेल्या बिस्किटानं किंवा उसाच्या कांडीनं. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचा घरी न्यायचा शिधा सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठीच आहे. पण नाव गावाकडच्या अंगणवाडीच्या पटावर, आणि पोर शिरोळच्या बांधावर. इथं सत्त्व पांढरं की तांबडं हा वाद चैनीचा ठरतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात गावंच्या गावं छावण्यांत हलली तेव्हा तालुक्यातल्या इतर आयांनाही त्या बिस्किटाच्या पुड्याची ओळख झाली.

आणि साखर. उसाच्या तालुक्यात साखरेविरुद्ध बोलणं अवघड. डॉक्टर म्हणतात पहिलं वर्ष साखर-मीठ वरून घालू नका. आजी म्हणते, मग गुळाचा खडा तरी. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेनं अहवाल काढला. वेवेच्या त्याच नेस्ले कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या वाढणीमागं सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर सापडते, युरोपात तीच वस्तू बिनसाखरेची मिळते, असं त्यात होतं. आपण भारतातले नियम पाळतो आणि साखर टप्प्याटप्प्यानं कमी केली आहे, असं कंपनीनं सांगितलं. आजीच्या गुळाचा असा अहवाल कुणी काढत नाही, म्हणून तो सुटतो.

२०२३ हे भरडधान्य वर्ष साजरं झालं आणि सत्त्वाला आणखी बरे दिवस आले. बचत गटांच्या स्टॉलवर नाचणी सत्त्वाची पाकिटं दिसतात, चॉकलेटच्या चवीचीसुद्धा. विकणाऱ्या बाईला विचारलं की ‘गाळलेलं की दळलेलं?’, तर ती आधी चेहरा बघते, मग उत्तर देते. शुभ्र पीठ मागणारी गिऱ्हाइकं जास्त. कर्नाटकात मंड्याच्या संशोधन केंद्रानं यावर वेगळाच तोडगा काढला आहे. ‘केएमआर ३४०’ हे त्यांचं वाण पांढऱ्या दाण्याचं आहे. ते सालीसकट दळलं तरी पीठ पांढरं निघतं. कृष्णेच्या पलीकडून ते शिरोळच्या दुकानात आलं, तर आत्ती आणि सून दोघींनाही एकच डबा चालेल.